कागदावरचा बाप

अक्कलकोटच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनानं शाळेचा उतारा खिडकीच्या उजेडाकडं धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

टेबलाच्या अलीकडं दाक्षायणी उभी होती. तिच्या मागं दोन पावलं सोडून तिचा बाप गुरुबसप्पा. त्यानं चपला व्हरांड्यात काढल्या होत्या. काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"मुलीचं नाव दाक्षायणी," कारकून वाचत गेला. "पुढं बापाचं नाव चन्नप्पा. ते खोडलंय. वर लिहिलंय गुरुबसप्पा. खोडलं कुणी? सही नाही, शिक्का नाही."

"चन्नप्पा माझे मामा," दाक्षायणी म्हणाली. "लहानपणी मी त्यांच्याकडं होते. तिकडच्या शाळेत त्यांचंच नाव लागलं. मग इकडं आले तेव्हा गुरुजींनी दुरुस्त केलं."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"होसूर. भीमेच्या पलीकडं, इंडी तालुक्यात."

"म्हणजे कर्नाटकात. जन्म?"

"तिथलाच. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं."

"तारीख?"

"दहा डिसेंबर छप्पन."

कारकुनानं मनाशी मोजलं. "छप्पनच्या एक नोव्हेंबरला विजापूर जिल्हा तिकडं गेला. दीड महिना आधी जन्मली असतीस तर मुंबई राज्यात जन्मली असतीस." हे त्यानं खवचटपणानं म्हटलं नाही. चुकलेल्या गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. "इकडं कधी आलीस?"

"पासष्टच्या जूनमध्ये."

"म्हणजे नऊ वर्षं. रहिवासाच्या दाखल्याला दहा लागतात." मग त्यानं गुरुबसप्पाकडं पाहिलं. "दत्तक दिली होती का हो मुलगी?"

"न्हाय जी," गुरुबसप्पा म्हणाला. "नुसती राखायला ठिवली हुती."

कारकुनानं चष्मा खाली घेतला. बाप इकडचा असेल तर दाखला निघतो, पण बाप हाच, हे कागदावर यायला पाहिजे, असं त्यानं सांगितलं. मामानं त्याच्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करून द्यावं. त्यानं एका कोऱ्या कागदावर मजकूर स्वतःच्या हातानं लिहून दिला, घडी घातली आणि दाक्षायणीच्या हातात ठेवली. एवढं तो सगळ्यांसाठी करत नसावा.

त्या दिवशी तेरा जुलै होती. मुंबईच्या दातांच्या कॉलेजात अर्ज पोचायची शेवटची तारीख एकतीस.

सोलापुरातल्या कॉलेजात सायन्सचं एक वर्ष काढून दाक्षायणी जूनमध्ये कुडलवाडीला आली होती. तिला एकोणसाठ टक्के पडले होते. डॉक्टरकीला ते पुरत नव्हते. पण जीवशास्त्र शिकवणाऱ्या लीला मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि दातांचंही वेगळं कॉलेज असतं, तिथं बसशील, म्हणून सांगितलं. बेडूक कापताना मॅडम तिच्या हाताकडं बघत उभ्या राहायच्या. आठ वर्षं पानमळ्यात पान खुडलेला हात होता तो, देठ कुठं किती दाबायचा हे त्याला कळत होतं. फॉर्मही मॅडमनीच मुंबईहून मागवून दिला. अर्जासोबत रहिवासाचा दाखला लागत होता, तसाच कॉलेज सोडल्याचा अस्सल दाखलाही. दाक्षायणीनं तो काढून घेतला तेव्हा ऑफिसातला माणूस म्हणाला होता, "बघ बाई. दुसऱ्या वर्षाची तुझी जागा आता दुसऱ्या कुणाला तरी जाईल." तिनं सही केली होती.

गावात तिला सगळे हसत. पानाच्या जुडग्याला मळ्यात कवळी म्हणतात आणि म्हाताऱ्याच्या तोंडात बसवायच्या दातांनाही कवळीच म्हणतात. "गुरुबसप्पा, पोरगी कवळ्या बांधायचंच शिकाय निघाली की मुंबईला," असं पारावर कुणीतरी म्हणे आणि गुरुबसप्पाही त्यांच्याबरोबर तोंडातलं पान सावरत हसे.

अक्कलकोटहून परत येताना एस.टी.त मात्र तो एक शब्द बोलला नाही. गाव आलं, ओढा ओलांडला, मळ्याची शेवरी दिसायला लागली तेव्हा म्हणाला, "मी त्याच्या उंबऱ्याला जानार न्हाय."

दाक्षायणी तीन महिन्यांची असताना तिची आई चंद्रव्वा आजारी पडली. छातीचं दुखणं होतं, वर्षभर तिला मिरजेला ठेवलं. पोर तिच्या भावाकडं, चन्नप्पाकडं राहिली. चन्नप्पाला आणि त्याच्या बायकोला, शांतम्माला, मूलबाळ नव्हतं. चंद्रव्वा बरी होऊन आली तरी पोर तिथंच राहिली. आज नेऊ, उद्या नेऊ, असं करत आठ वर्षं गेली. दाक्षायणी चन्नप्पाला अप्पा म्हणायची, शांतम्माला अव्वा. कुडलवाडीच्या आईबापांना ती उरुसाला वर्षातून एकदा बघत असे.

पासष्ट साली गुरुबसप्पानं नवा मळा लावला. चंद्रव्वाला दोन मुलगे झाले होते आणि तिच्यानं काम होत नव्हतं. घरात हात पाहिजे होते. एका सकाळी तो नदी ओलांडून गेला आणि पोरीला घेऊन आला. चन्नप्पा नावेपर्यंत मागोमाग आला होता. माणसांदेखत म्हणाला, "जनम दिला म्हंजे बाप हुतो व्हय?" आणि गुरुबसप्पानं नावेत पाय ठेवता ठेवता उत्तर दिलं, "पोरगी माजी हाय. तू राखन केलीस, तुजं उपकार झालं."

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं जाणंयेणं तुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुबसप्पानं दाक्षायणीला हाक मारून मळ्यात नेलं. वेलींची उतरण चालू होती, यंदा आधीच उशीर झाला होता. उतरण म्हणजे शेवरीच्या झाडावर चढलेला वेल सोडवायचा, खाली घ्यायचा, बुडाशी वेटोळं करून मातीत गाडायचा आणि शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. शिडीवर उभं राहून वेल सोडवताना मान आकाशाकडं ठेवावी लागते. मळ्यात वारा नसतो. अंगावर पाणी ओतल्यासारखा घाम येतो आणि मातीचा, पानांचा, कुजलेल्या पेंडीचा वास नाकात बसतो.

"उतरन झाल्याबिगर मला हलता येत न्हाय," तो म्हणाला.

"किती दिस लागत्याल?"

"पाच. सा."

तिनं कासोटा घातला आणि शिडीवर चढली. त्या दिवशी तिनं दोन बायांचं काम केलं. दुसऱ्या दिवशी लव्हाळ्याच्या काडीनं वेल बांधताना तिच्या अंगठ्याची कातडी निघाली. तिनं चिंधी गुंडाळली आणि पुढं बांधत गेली. दुपारी भाकरी खायला सगळे विहिरीवर बसले तरी ती शिडीवरून उतरली नाही. चंद्रव्वा बांधावरून बघत होती. दम लागत असतानाही ती तिथवर चालत आली होती.

"पोरगी मरंल की हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी सांगितलंय व्हय तिला?"

"तुमी सांगितलं न्हाय. पर जायला पायजे. भाव माजा हाय, मी गेली असती. माज्यानं नदीचा चढ चढवत न्हाय."

गुरुबसप्पानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. "काय मनून जाऊ? तवा राखन म्हनलो, आता लिवून दे म्हनू?"

"व्हय. तसंच म्हना."

पाचव्या दिवशी उतरण संपली. दाक्षायणीनं शेवटचा शेंडा बांधला तेव्हा सूर्य अजून डोक्यावर होता. ती खाली उतरली आणि बापासमोर उभी राहिली. बाप शिडी आडवी करत होता. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "उद्या सकाळी."

आणि त्याच दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाल्याची बातमी आली. सकाळी भीमा काठोकाठ चालली होती. गढूळ पाण्यात बाभळीची अख्खी झाडं वाहत होती. नावाड्यानं नाव ओढून वर काढून ठेवली होती. "दोन दिस तर न्हायच," तो म्हणाला. दाक्षायणी दोन्ही दिवस सकाळ-दुपार काठावर जाऊन बसली. तिनं काठाला एक काटकी रोवून ठेवली होती, पाणी किती उतरलं ते बघायला. पहिल्या दिवशी काटकीच वाहून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं जाडी काठी रोवली. पलीकडं होसूरची झाडं दिसत होती, देवळाचा पांढरा कळस दिसत होता, आणि मधल्या पाण्याकडं बघून तिला वाटे की उडी टाकावी. पोहता येत नाही हे तिला त्या वेळी आठवतही नसे.

तिसऱ्या दिवशी नाव सुटली. एकवीस तारीख होती.

होसूरला ती दोघं पोचली तेव्हा चन्नप्पा शेतात होता. तुरीत कोळपं चालू होतं. गुरुबसप्पा बांधावर थांबला. काळ्या रानात चपला फसत होत्या म्हणून त्यानं त्या हातात घेतल्या. चन्नप्पानं लांबूनच पाहिलं. तो थांबला नाही. बैल हाकत तो ओळ संपेपर्यंत पलीकडच्या टोकाला गेला, तिथं कोळपं फिरवलं, पुन्हा इकडं आला. बांधाजवळ येऊन पुन्हा फिरवलं. अशा तीन खेपा झाल्या. गुरुबसप्पा चपला हातात घेऊन उभाच होता. त्याच्या पिंढऱ्यांना चिखल वाळायला लागला.

चौथ्या खेपेला चन्नप्पानं बैल थांबवले. तो वाळला होता. दाक्षायणीच्या आठवणीत त्याच्या मिशा काळ्या होत्या.

"आलीस?" तो तिला म्हणाला. बोलणं सगळं कन्नडातच चाललं होतं.

"आले, अप्पा."

तो शब्द तोंडातून गेला आणि बाजूला उभ्या असलेल्या गुरुबसप्पानं मान दुसरीकडं वळवली.

"चन्नप्पा," गुरुबसप्पा म्हणाला, "काम घिऊन आलोय."

"कामाबिगर कशाला येशील."

"पोरीचं काम हाय. एक कागद पायजे. तुज्या हातचा."

"कसला कागद?"

गुरुबसप्पानं तोंड उघडलं. मग मिटलं. शेवटी त्यानं दाक्षायणीकडं बघितलं आणि म्हणाला, "वाच तू."

तिनं कारकुनानं दिलेला कागद उलगडला आणि मराठीत वाचला. 'सदर मुलगी ही माझी औरस अथवा दत्तक मुलगी नसून, तिच्याशी माझा पालक या नात्याने कधीही संबंध नव्हता व नाही. शाळेच्या नोंदीत माझे नाव चुकीने लागले आहे.'

"मला हे मराठी कळत न्हाय," चन्नप्पा म्हणाला. "आपल्या बोलीत सांग."

त्याला मराठी कळत होती. जत्रेत, बाजारात तो मराठी बोलायचा. दाक्षायणीनं कागदाकडं बघितलं. 'मुलगी नाही' हे मराठीत दोन शब्द होते. कन्नडात त्याचा एकच शब्द होतो. ती म्हणाली, "मगळल्ल."

"काय?"

"ही माजी मगळल्ल. आनी संबंध नव्हता."

"कुनाचा संबंध नव्हता?"

"तुमचा, अप्पा."

बैलानं शेपूट हलवली. चन्नप्पानं हातातला आसूड कोळप्याला टेकवून ठेवला, डोक्याचं मुंडासं सोडलं, त्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा बांधलं. त्याला खूप वेळ लागला.

"हे लिवलं म्हंजे तू दाताची डाक्टर हुनार?"

"लिवलं तर अर्ज जाईल."

"आन् न्हाय लिवलं तर?"

"तर न्हाय जाणार."

"सोलापूरचं कालेज हाय की."

"ते सोडलं मी."

तो गुरुबसप्पाकडं वळला. "तुला काय वाटतं?"

गुरुबसप्पा खाली बघत म्हणाला, "तुजं पाय धरू का?"

"नगं," चन्नप्पा म्हणाला. "चिकल हाय."

घरी शांतम्मानं दोघांना जेवायला वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं, कारण चन्नप्पानं अंगणातच तिला मोठ्यानं सांगितलं होतं. ती दाक्षायणीशी एक शब्दही बोलली नाही. दही संपलं तेव्हा विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा घातलं. निघताना दाक्षायणी वाकली तर शांतम्मानं पाय मागं घेतले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी इंडीच्या कोर्टाच्या आवारात चन्नप्पा धुतलेलं धोतर नेसून आला होता. लिहिणाऱ्यानं झाडाखाली बसून मजकूर कन्नडात उतरवला. मॅजिस्ट्रेटसमोर तिघं उभे राहिले. मॅजिस्ट्रेट तरुण होता, घाईत होता.

"हे खरं आहे?"

चन्नप्पा कागदाकडं बघत राहिला. दाक्षायणीला वाटलं, नाही म्हणतो आता. आणि तिच्या मनात त्याच क्षणी जे आलं त्याची तिला पुढं कितीतरी दिवस शरम वाटत राहिली. तिच्या मनात आलं, म्हण लवकर, आज बावीस तारीख आहे.

"व्हय," चन्नप्पा म्हणाला. "खरं हाय."

त्यानं सही केली. तो चौथी शिकलेला होता. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, एकेक अक्षर कोरावं तसं त्यानं लिहिलं. बाहेर आल्यावर कागद त्यानं गुरुबसप्पाच्या हातात दिला. "घे. आता तुजं नाव पक्कं झालं."

"चा घेऊ या," गुरुबसप्पा म्हणाला.

"बैलं दावणीला उपाशी हायत," असं म्हणून तो चालू लागला. एस.टी. स्टँड दुसऱ्या बाजूला होता. तो उलट्या दिशेनं गेला, आणि कुणी त्याला ते सांगितलं नाही.

अक्कलकोटच्या कचेरीत कारकून म्हणाला, कन्नड कागद चालणार नाही, मराठी तर्जुमा लावा. तर्जुमा झाला तर मामलेदार फिरतीवर गेलेले. दाक्षायणी आणि गुरुबसप्पा चार दिवस व्हरांड्यात बसून राहिले. मळ्यात पानं खुडायला आली होती, तिथं चंद्रव्वा एकटी बायांच्या मागं उभी होती. चौथ्या दिवशी दुपारी मामलेदार आले, जेवले, झोपले, उठले आणि त्यांनी सही केली. एकोणतीस तारीख. टपालानं अर्ज वेळेत पोचेल याची खात्री नव्हती. बापलेक सोलापूरला गेले आणि मुंबईच्या गाडीत दाराशी बसून, पाय दुमडून, रात्रभर प्रवास करून तिसाव्या तारखेला त्या कॉलेजात उभे राहिले.

तिथं फरशी इतकी चकचकीत होती की गुरुबसप्पा दारातच थबकला. त्याच्या तोंडात पान होतं. थुंकायला जागा दिसेना. भिंतीवर दातांची, हिरड्यांची मोठमोठी रंगीत चित्रं होती आणि एकात लाल काळे पडलेले दात दाखवले होते, अगदी त्याच्यासारखे. पांढरा कोट घातलेली दोन पोरं जाता जाता त्याच्या तोंडाकडं बघून हळूच काहीतरी बोलली. गुरुबसप्पानं पान, सुपारी, चुना, सगळं तसंच गिळलं. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. दाक्षायणीनं ते पाहिलं आणि तिनं खिडकीपाशी अर्ज दिला. आतल्या बाईनं कागद मोजले, शिक्का मारला, "पत्र येईल," म्हणाली.

परतीच्या गाडीत गुरुबसप्पा म्हणाला, "लई मोठं हाय की गं." तेवढंच. पण तो आवाज तिनं त्याच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता, आणि ती खिडकीकडं तोंड करून बसली.

ऑगस्ट गेला. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. त्या दिवशी दाक्षायणी मळ्याच्या तोंडाशी काम काढायची, म्हणजे रस्ता दिसायचा. बोटाला लोखंडी नखी लावून पान खुडायची आणि कान सायकलीच्या घंटीकडं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आलं. तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, सहावं. महिनाअखेर दुसरं कार्ड आलं. सर्व जागा भरल्या आहेत.

ती ते घेऊन सोलापूरला लीला मॅडमकडं गेली. मॅडमनी प्राचार्यांना विचारलं. दुसऱ्या वर्षाचा वर्ग भरला होता, अर्धं सत्र उलटलं होतं. "पुढच्या वर्षी बघू," मॅडम म्हणाल्या. दाक्षायणीनं हो म्हटलं आणि जिन्यात बसून तोंडात पदर घालून रडली.

घरी गुरुबसप्पानं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला मळ्यात न्यायला त्यानं हाक मारली नाही. ती आपणहून गेली. तो शिडी धरून उभा होता, म्हणाला, "आज नगं येऊस." पण तिनं शिडी त्याच्या हातातून घेतली.

चन्नप्पाला कुणी कळवलं नव्हतं. दाक्षायणीला ते सलत होतं. दसऱ्याच्या आधी, ज्वारीच्या पेरण्या चालू असताना, ती एकटीच नावेत बसून होसूरला गेली. चन्नप्पा तिफणीवर होता. घरात शांतम्मा बियाण्याची ज्वारी सुपात घेऊन किडके दाणे निवडत होती. तिनं वर बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं नाही.

"अव्वा, सीट मिळाली न्हाय," दाक्षायणी उंबऱ्यातच म्हणाली.

"म्हंजे?"

"त्यांनी घेतलं न्हाय मला."

"आन् सोलापूरचं?"

"तेबी गेलं यंदा."

शांतम्मा दाणे निवडत राहिली. चार-पाच किडके दाणे तिनं दाराबाहेर टाकले. कोंबड्या धावल्या. मग ती म्हणाली, "मंग त्यो कागद माघारी आन."

"कुटला?"

"ह्यांनी लिवून दिल्याला. काम झालं न्हाय तर त्यांच्यापाशी कागद कशापायी ऱ्हावा?"

"अव्वा, त्यो कचेरीत फायलीला लागलाय. तितनं माघारी देत न्हाईत."

"मागितलास?"

दाक्षायणी उंबरा ओलांडून आत आली.

"न्हाय मागितलास," शांतम्मा म्हणाली. "त्या रात्रीपास्नं हे जेवायला बसले की अर्धी भाकरी ठिवून उटतात. मला काय सांगत न्हाईत. मी इचारतबी न्हाय." तिनं सूप खाली ठेवलं, उठली, उतरंडीमागनं भाकरीचं फडकं काढलं. "उद्या सकाळी पयल्या नावंनं जाऊ. मला कचेरी दाव."

चन्नप्पा दिवस बुडता घरी आला तेव्हा त्यानं हे ऐकलं. "येडी हायस का?" असं बायकोला म्हणाला. दाक्षायणीला मात्र त्यानं विचारलं, "मुंबईला तुला बोलवून इचारलं तरी का काय?" न्हाय म्हटल्यावर त्यानं हात धुतले आणि तिच्या शेजारी जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शांतम्मा अक्कलकोटच्या कचेरीत अव्वल कारकुनासमोर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती कचेरीत आली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कन्नडात सरळ बोलायला लागली. कारकुनानं दाक्षायणीला ओळखलं.

"काय झालं? सीट मिळाली?"

"नाही, साहेब."

"अरेरे." त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पण ऐक. पुढच्या जूनमध्ये तुझी इकडची दहा वर्षं भरतायत. मग रहिवासावरच दाखला निघेल. मामाच्या कागदाची गरजच पडणार नाही. एक वर्ष थांबली असतीस तर ही सगळी धावपळ वाचली असती." मग त्यानं शांतम्माकडं बोट केलं. "ह्या कोण? काय म्हणतात?"

कोण, हे काय सांगावं? दाक्षायणी म्हणाली, "त्या म्हणतात, तो कागद परत द्या."

"परत? अगं, तो सरकारी दफ्तरात गेला. तो आता सरकारचा कागद. त्यांना समजावून सांग, एकदा लागलेला कागद निघत नाही."

दाक्षायणीनं सांगितलं. दहा वर्षांचं तिनं सांगितलं नाही. शांतम्मानं मान हलवत सगळं नीट ऐकून घेतलं, कारकुनाकडं एकदा बघितलं, आणि बाहेर व्हरांड्यात गेली. तिथं भिंतीला पाठ लावून ती खाली बसली, पाय पोटाशी घेतले, फडकं सोडलं. अर्धी भाकरी तिनं मोडून दाक्षायणीच्या हातात दिली.

"अव्वा, त्यो देणार न्हाय."

"आयकलं मी. बस."

दाक्षायणी तिच्या शेजारी बसली. समोरून दाव्याची माणसं जात येत होती. कुणीतरी त्यांना पाय आत घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतले.

"किती वाजता बंद करत्यात हे?" शांतम्मानं विचारलं.

"साडेपाचला."

शांतम्मानं अंगणात पडलेल्या उन्हाकडं बघितलं. "मंग लई येळ हाय अजून," ती म्हणाली.